जंत तेच, माळ तोच, मग एकाच वाड्यावरची कोकरं का मरतात?

(एपिसोड ऐकायला वेळ नाही किंवा रेंज नाही, अशांसाठी हा लेखी मजकूर. बोलतानाचे "अं" आणि "म्हणजे" काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. बाजूचे आकडे मिनिटांचे आहेत.)

००:००

बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा. जेवत असाल तर मात्र एपिसोड थांबवा आणि हात धुऊन झाल्यावर लावा. आज लेंड्या, जंत आणि पोट यांच्याबद्दल बरंच बोलायचंय, नंतर मला नावं ठेवू नका.

विषय आला एका व्हॉइस नोटवरून. पाठवणारा माण तालुक्यातला, कॉलेजला आहे, मामांकडे ऐंशी मेंढरं आहेत. तो म्हणतो, "ताई, गेल्या श्रावणात मामांची अकरा कोकरं गेली. जंताचं औषध पाजलं होतं, तेही एकदा नाही, तीनदा. शेजारच्या वाड्यावरची मेंढरं त्याच माळावर चरतात, त्यांची दोनच गेली. आणि आमच्याच कळपात एक म्हातारी काळी मेंढी आहे, तिला औषध चुकलं तरी काही होत नाही. मामा म्हणतात नशीब. खरंच नशीब असतं का हे?"

अकरा कोकरं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी मेंढरं नाहीत त्यांना पटकन कळणार नाही. मेंढपाळाच्या घरी पगार नसतो, कोकरू असतं. शाळेची फी, लग्न, दवाखाना, सगळं कोकरू विकून. तेव्हा अकरा कोकरं गेली म्हणजे वर्षाचा बराचसा हिशेबच गेला.

तर या प्रश्नात तीन प्रश्न दडलेत. औषध का चाललं नाही? एकाच माळावर दोन कळपांचं नशीब वेगळं का? आणि ती काळी म्हातारी काय खाते? तिसऱ्याचं उत्तर शोधायला आपल्याला थेट केनियाला जावं लागणार आहे, आणि तिथून परत फलटणला.

०२:१०

आधी शत्रू ओळखून घेऊ. मेंढ्यांच्या पोटात जंत अनेक जातींचे असतात, पण गरम आणि दमट हवेत सगळ्यात घातक एकच, हिमॉन्कस कॉन्टॉर्टस. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब, सुतळीच्या धाग्यासारखी. इंग्रजीत त्याला न्हाव्याच्या खांबाचं नाव दिलंय. जुन्या सलूनबाहेर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा फिरता खांब असायचा ना, तसा हा दिसतो. लाल पट्टा म्हणजे रक्ताने भरलेलं त्याचं आतडं, आणि त्याच्याभोवती वेटोळं घातलेला पांढरा पट्टा म्हणजे मादीचं अंडाशय. जेवण आणि बाळंतपण, दोन्हींचा पीळ एकाच धाग्यात!

मेंढीला चार कप्प्यांचं पोट असतं. पहिलं मोठं कोटीपोट, जिथे चारा आंबतो आणि रवंथीसाठी परत तोंडात येतो. हा जंत राहतो चौथ्या कप्प्यात, जिथे आपल्यासारखं आम्ल आणि पाचक रस असतात. तिथल्या नाजूक अस्तराला तो टोचतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त खर्ची पाडतो. वाटतं, एवढंच?

करा हिशेब. वीस किलोच्या कोकराच्या अंगात साधारण सव्वा लिटर रक्त असतं. पोटात दोन हजार जंत असले तर रोज शंभर मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे तेरा दिवसांत अख्ख्या कोकराएवढं रक्त. शरीर नवं रक्त बनवत राहतं, पण ते बनवायला लोह आणि प्रथिनं लागतात, आणि कोरड्या माळावर ती कुठून आणायची? आधी पापणीच्या आतली गुलाबी कड फिकट होते, मग पांढरी पडते. रक्तातलं प्रथिन कमी झालं की जबड्याखाली पाणी साठतं, कोकराच्या हनुवटीखाली पिशवी लटकल्यासारखी सूज दिसते. आणि या जंताने सहसा हगवण लागत नाही, हे लक्षात ठेवा. "लेंडी तर चांगली पडतेय, मग जंत कसले" असं म्हणून बरेच लोक फसतात.

आता जंताचा फेरा. एक मादी दिवसाला पाच हजारांच्या वर अंडी घालू शकते. पोटात पाचशे माद्या असल्या तर एकच मेंढी रोज पंचवीस लाख अंडी माळावर टाकते. लेंडीत अंडं फुटतं, अळी बाहेर येते, दोनदा कात टाकते. तिसऱ्या अवस्थेतली अळी गवताच्या पात्यावर चढते. कशावरून? दवाच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पातळ थरातून. मेंढी पातं खाते, अळी पोटात, आणि तीन आठवड्यांच्या आसपास नवीन मादी अंडी घालायला तयार. ऊब आणि ओल मिळाली की हा फेरा जोरात फिरतो. म्हणून श्रावण.

आणि म्हणून, माझ्या मते, मेंढपाळांचं चालत राहणं हेसुद्धा एक औषधच आहे. पावसाळ्यात दख्खनच्या कमी पावसाच्या भागात, दिवाळीनंतर कोकणाकडे किंवा दुसऱ्या मुलखात, आज या शेतात मेंढरं बसवली, परवा पुढच्या. ज्या जागी लेंड्या पडल्या तिथल्या अळ्या वर चढून वाट बघत बसतात आणि कळप कोसभर पुढे गेलेला असतो. आता कुंपणं वाढली, माळ कमी झाले, कळप एकाच जागी घुटमळायला लागले. जंताला आणखी काय हवं?

०६:३०

औषधाकडे येऊ. यात एक गंमत आहे, गंमत म्हणजे वाईट अर्थाने.

१९६१ साली थायाबेंडाझोल नावाचं औषध बाजारात आलं. त्या काळी चमत्कारच. १९६४ साली, तीनच वर्षांत, अमेरिकेत हिमॉन्कस त्याला दाद देईनासा झाल्याची नोंद झाली. १९८१ साली आयव्हरमेक्टिन आलं. हे इतकं मोठं औषध की माणसांच्या रोगांतल्या त्याच्या कामासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ साली नोबेल मिळालं. मेंढ्यांच्या जंतांनी मात्र नोबेलची वाट पाहिली नाही, १९८०च्या दशकातच दक्षिण आफ्रिकेत त्यालाही न जुमानणारे जंत सापडले. २००९ साली न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हा अगदी नव्या गटातला रेणू आला. २०१३ साली तिथेच त्याला पुरून उरणारे जंत सापडले.

हे का होतं? जंतांमध्येही सगळे सारखे नसतात. लाखांत एखादा असा असतो की औषध त्याला लागत नाही. आपण अख्ख्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजतो, बाकी सगळे मरतात, हा एकटा उरतो, आणि आता सगळी जागा त्याच्या पोरांची. तेच औषध परत पाजा, परत तेच. अंदाजाने अर्धा डोस दिला तर त्याहून वाईट, कारण मग अर्धवट तग धरणारेही वाचतात. मामांनी तीनदा औषध पाजलं असं तू म्हणालास. बाटल्यांवरची ब्रँडची नावं वेगळी असतील, पण आतलं औषध एकाच गटातलं होतं का, हे लेबल वाचून बघ. माझा अंदाज आहे की असेल. तसं असेल तर तीन वेगळी औषधं नाही, एकच औषध तीनदा दिलं गेलं.

०९:००

आता खरी गोष्ट. औषध नव्हतं तेव्हा मेंढ्या कशा जगल्या?

हजारो वर्षं मेंढी आणि जंत एकमेकांशी झगडत आलेत, आणि मेंढीच्या शरीराकडे त्यासाठी स्वतःचा फौजफाटा आहे. तो जन्मतः तयार नसतो. कोकरू कोरं असतं, जंतांशी ओळख झाल्यावर त्याचं शरीर शिकतं, त्याला काही महिने लागतात. म्हणून कोकरंच जास्त मरतात.

शिकलेलं शरीर करतं काय? पोटाच्या अस्तरात चिकट स्राव सोडणाऱ्या पेशी असतात, त्या शेंबडासारखा जाड थर सोडतात. अळीला अस्तरापर्यंत पोहोचायचं असतं, ती त्या लगद्यातच अडकते. अस्तराखाली मास्ट पेशी नावाचे पहारेकरी असतात. त्यांच्या अंगावर आयजीई नावाची प्रतिपिंडं चिकटलेली असतात, आणि ओळखीची अळी आली की या पेशी फुटल्यासारख्या आपला दारूगोळा बाहेर टाकतात. त्याने सूज येते, स्राव वाढतो, पोटाची हालचाल वाढते, अळी ढकलली जाते. मग इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, त्या अळीला घेरून तिच्यावर विषारी कण सोडतात. जंत एवढा मोठा की एक पेशी त्याला गिळू शकत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून घेराव घालायचा.

ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. धुळीने तुम्हाला सटासट शिंका येतात, नाकातून पाणी येतं, डोळे खाजतात, तेव्हा तुमच्या नाकात हीच यंत्रणा चालू असते. आयजीई, मास्ट पेशी, चिकट स्राव, इओसिनोफिल. ॲलर्जी असलेल्या मंडळींनो, तुमचं शरीर जंतांशी लढायला तयार आहे, फक्त समोर जंत नाहीत, सतरंजी झटकलेली धूळ आहे.

हा झाला पहिला मोर्चा, अळीला बसूच न देणं. चांगल्या प्रतिकाराच्या मेंढीत आलेल्या अळ्यांपैकी बऱ्याच अशाच बाहेर फेकल्या जातात. दुसरा मोर्चा शांतपणे चालतो. ज्या बसल्या त्यांची वाढ खुंटवायची. इथे आयजीए नावाची प्रतिपिंडं काम करतात. स्कॉटलंडमधल्या मेंढ्यांच्या दुसऱ्या एका पोटजंतावर याचा खूप अभ्यास झालाय, तिथे दिसलं की ज्या मेंढीत ही प्रतिपिंडं जास्त, तिच्यातले जंत आखूड राहतात. आणि आखूड मादी अंडी कमी घालते. म्हणजे मेंढीने जंत मारला नाही, पण त्याचं कुटुंबनियोजन केलं!

ही फौज फुकट पोसली जात नाही. तिला प्रथिनं लागतात. व्याण्याच्या आसपास मेंढीचं शरीर सगळं गर्भाला आणि दुधाला देतं, आणि पहारा ढिला पडतो. नेमक्या त्याच दिवसांत तिच्या लेंडीतली अंडी एकदम वाढतात. आईच माळावर अळ्या पेरते आणि चार आठवड्यांनी तिचंच कोकरू पहिलं गवत तोंडात घेतं. जंताच्या दृष्टीने याहून चांगला मुहूर्त नाही. व्यायला आलेल्या मेंढीला मूठभर पेंड किंवा सुबाभळीचा पाला जास्त घालणं हे म्हणूनच लाड नाहीत.

१२:४०

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण काळ्या म्हातारीचं कोडं इथेच आहे.

एक मेंढी जंतांना बसू देत नाही, तिच्या लेंडीत अंडी कमी. याला म्हणू प्रतिकार. दुसरीच्या पोटात जंत भरपूर आहेत, पण ती रक्त भराभर भरून काढते, चरते, धष्टपुष्ट दिसते. याला म्हणू सोसणं. लांबून दोघी सारख्याच ठणठणीत. पण पहिली माळ स्वच्छ ठेवते, आणि दुसरी रोज लाखो अंडी पसरत फिरते, जी शेजारच्या कोवळ्या कोकराच्या पोटात जाणार. तेव्हा मित्रा, तुझी काळी म्हातारी कळपाची रखवालदार आहे की जंतांची पेरणी करणारी, हे तिच्याकडे बघून सांगता येणार नाही. लेंडी तपासावी लागेल.

तपासणी सोपी आहे. ताजी लेंडी मोजून घ्यायची, मिठाच्या दाट पाण्यात कुस्करायची, गाळायची. अंडी त्या पाण्यापेक्षा हलकी असल्याने वर तरंगतात. चौकोन आखलेल्या खास काचेवर ते पाणी घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची. एका ग्रॅममध्ये किती, तो आकडा. हे केलं की जवळपास प्रत्येक कळपात एक गोष्ट दिसते. जंत सारखे वाटलेले नसतात. थोड्या मेंढ्यांमध्ये बहुतेक जंत असतात आणि बाकीच्यांमध्ये नावाला. वर्गात दंगा करणारी पोरं मोजकीच असतात ना, तसं.

आणि हा आकडा थोडाफार वंशातून येतो. मेंढ्या-मेंढ्यांतल्या फरकापैकी साधारण पाव ते तिसरा हिस्सा आईबापांकडून आलेला असतो. कमी वाटतं, पण दुधासारख्या गुणांचंही साधारण असंच असतं, आणि निवड करून माणसाने दूध किती वाढवलं ते आपण बघतोच. ऑस्ट्रेलियात १९७०च्या दशकापासून कमी अंड्यांच्या मेरिनो मेंढ्या निवडून वेगळे कळप वाढवले गेले, आणि पिढ्यांमागून पिढ्या अंडी कमी होत गेली.

मला स्वतःला सगळ्यात जास्त प्रश्न पडला तो पुढचा. जंत औषधावर मात करतो, मग तो मेंढीच्या प्रतिकारावरही मात करणार नाही का? ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी हेच तपासलं. एका बाजूला प्रतिकार असलेल्या मेंढ्यांमधून आणि दुसऱ्या बाजूला नसलेल्यांमधून जंत पिढ्यानपिढ्या वाढवले, आणि मग दोन्ही जंतांची तुलना केली. प्रतिकाराच्या मेंढ्यांत वाढलेले जंत जास्त चिवट झालेले दिसले नाहीत. पटण्यासारखं कारण असं की औषध बहुधा जंताच्या एकाच कुलपाला लावलेली एक किल्ली असते. जंताने कुलूप बदललं की संपलं. मेंढीचा प्रतिकार म्हणजे स्राव, पेशी, प्रतिपिंडं असे अनेक जनुकांतून आलेले दहा-बारा अडथळे एकदम. सगळी कुलपं एकाच वेळी बदलणं जंतालाही जड जातं.

१५:२०

चला केनियाला.

मसाई लोकांची लाल मसाई मेंढी. तांबूस रंगाची, लोकरीऐवजी केसांची, शेपटाकडे चरबी साठवणारी, अंगाने मध्यम. बाजारात उभी केली तर फार कोणी वळून बघणार नाही. तिच्या शेजारी डॉर्पर उभी करा. दक्षिण आफ्रिकेत १९३०च्या दशकात डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या डोक्याची पर्शियन यांच्या संकरातून तयार केलेली, पांढरं भरदार अंग, काळं डोकं, पटकन वजन धरणारी. खाटिक कोणाला जास्त पैसे देणार?

१९७०च्या दशकाच्या मध्यापासून केनियात डॉर्परचे नर सवलतीत वाटण्याची योजना चालली. पहिला संकर झकास निघाला, मोठी कोकरं, चांगला भाव. लोक खूश. मग त्या संकराच्या माद्यांवर परत डॉर्पर नर, त्यांच्या पोरींवर परत डॉर्पर. कुठे थांबायचं, मूळ जात कशी राखायची, हे कोणी शिकवलंच नाही. काही वर्षांनी बऱ्याच ठिकाणी कळपात लाल मसाईचं रक्त नावापुरतं उरलं, आणि ज्या मुलखात जंत आणि दुष्काळ दोन्ही आहेत तिथे ही भारी मेंढी टिकेना. तोवर शुद्ध लाल मसाई शोधून सापडणं कठीण झालं होतं.

मग तिथल्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने मापून बघितलं. हिंदी महासागराच्या काठावर डियानी इथे, जिथे हवा दमट आणि हिमॉन्कसची चंगळ, १९९१ ते १९९६ अशी सहा वर्षं लाल मसाई, डॉर्पर आणि त्यांचे संकर एकाच कुरणावर ठेवले. माळ तोच, जंत तेच. लाल मसाईच्या लेंडीत अंडी कमी निघाली, रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण चांगलं राहिलं आणि मृत्यू कितीतरी कमी झाले. कोकरागणिक वजन डॉर्परचं जास्त, पण जगलेल्या कोकरांसकट सगळा हिशेब मांडला तर दमट किनाऱ्यावर लाल मसाई कितीतरी पुढे. मेलेल्या कोकराचं वजन शून्य असतं, हे बाजारात कोणी मोजत नाही.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर मी एकांगी बोलले असं होईल. कोरड्या मुलखात, कपिती इथल्या रानात, जिथे जंत कमी, तिथे हा फरक जवळजवळ उरला नाही. म्हणजे लाल मसाई जगात भारी आणि डॉर्पर टाकाऊ असं नाही. जिथे जंत आहेत तिथे जंताशी लढणारी. तसंच, प्रतिकार निवडत गेल्याने सगळं गोडच होतं असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या हिवाळी पावसाच्या भागात काही मेरिनो मेंढ्यांचं शरीर अळ्यांवर इतकं चवताळून उठतं की थोड्या अळ्यांनीही हगवण लागते. तीच ॲलर्जीची यंत्रणा, जरा जास्तच.

१८:१०

आणि आता घराजवळ. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे आपल्या 'नारी'त, सुंदरबनातल्या गरोल मेंढ्या आणल्या गेल्या. गरोल म्हणजे खेळण्यातली वाटावी एवढीशी मेंढी, पण ती वाढते कुठे? खाडीच्या दलदलीत, पावसात, चिखलात, जिथे जंतांना वर्षभर सुगी. तिथे टिकलेली जात म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या परीक्षा देऊन पास झालेली. शिवाय ती जुळी-तिळी देते. शास्त्रज्ञ मानतात की अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांतूनच जुळ्यांचं हे जनुक तिथल्या बुरूला मेरिनोत पोहोचलं. नारीने हेच जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली, ते तुमच्यापैकी काहींना माहीत असेल.

जंतांचं बोलू. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांबरोबर दख्खनी, कर्नाटकातली बन्नूर आणि त्यांचे गरोलशी संकर अशा कोकरांची वाढ आणि जंतप्रतिकार यांची तुलना केली, ते काम २००३ साली छापून आलं. गरोलचं रक्त असलेल्या कोकरांच्या लेंडीत अंडी कमी. पण वाढही कमी. परत तीच केनियाची ओढाताण: टिकणारं हवं की वजनाचं हवं?

याचं एका ओळीत उत्तर नाही. पण आपल्याकडे नर निवडताना काय बघतात ते आठवा. उंची, छाती, नाकाचा बाक, रंग. माडग्याळी मेंढ्याच्या लाखांतल्या किमतीचे रील तुम्ही सगळ्यांनी बघितलेत. त्या रीलमध्ये एकदा तरी कोणी विचारलं का, "याच्या लेंडीत अंडी किती?" हसू नका. एका नराची वर्षाला तीसेक कोकरं होतात. त्याचं नाक बाजारात एक दिवस दिसेल, त्याचं पोट तीस कोकरांत दर श्रावणात दिसेल.

२०:३०

तर मित्रा, मामांसाठी. आधी एक सावधगिरी: पावसाळ्यात कोकरं इतर रोगांनीही मरतात, म्हणून ती अकरा जंतानेच गेली हे मी फोनवरून ठरवणार नाही. या वर्षी आजारी कोकराची लेंडी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत द्या. औषध पाजायच्या दिवशी एकदा आणि साधारण दोन आठवड्यांनी परत अंडी मोजून घ्या. आकडा फारसा उतरला नाही तर ते औषध तुमच्या माळावर संपलं, मग बाटली कितीही महाग असो.

दुसरं, सगळ्यांना सरसकट पाजणं थांबवता येतं का बघा. दक्षिण आफ्रिकेत १९९०च्या दशकात एक कार्ड निघालं, फमाचा नावाचं. लाल ते पांढरा असे पाच रंग, मेंढीची खालची पापणी उलटवायची, आतला रंग कार्डाशी जुळवायचा, फिकट असेल तिलाच औषध. रक्त पिणाऱ्या या जंतासाठीच हे चालतं, बाकी जंतांसाठी नाही. फायदा दुहेरी. ज्या मेंढ्यांना औषध दिलं नाही त्यांच्या पोटातले औषधाला मरणारे साधे जंत जिवंत राहतात आणि चिवट जंतांच्या गर्दीत मिसळत राहतात, म्हणून औषध जास्त वर्षं चालतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण थोडे जंत मुद्दाम सांभाळायचे. आणि कोणाला किती वेळा औषध लागलं हे आपोआप कळतं. रंग फोनच्या स्क्रीनवर जुळवू नका मात्र, स्क्रीनचे रंग खोटे असतात. छापील कार्ड हवं आणि दिवसाचा उजेड. शिकताना पशुवैद्य शेजारी असला तर उत्तम, कारण पांढऱ्या पापणीच्या कोकराला थांबवून ठेवायला वेळ नसतो.

तिसरं काम तुझं. कानात बिल्ला, फोनमध्ये साधी नोंद: नंबर, तारीख, पापणीचा रंग, औषध दिलं की नाही. दोन पावसाळे. ज्या मेंढीला दरवेळी औषध लागतं तिचा नर कळपासाठी राखू नका, कितीही देखणा असला तरी. जिला लागत नाही तिची अंडी मोजा.

काळ्या म्हातारीपासूनच सुरू कर. श्रावणात, पाऊस लागून महिना झाल्यावर, सकाळची ताजी लेंडी, पिशवीत हवा न ठेवता, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. आकडा आला की मला व्हॉइस नोट पाठव. आणि तिला या वर्षी नर कोकरू झालं असेल, तर तो आकडा येईपर्यंत मामांना म्हणावं, बाजाराला नेऊ नका.